छाटलेली सही

धक्क्याजवळ, सायकल दुकानावरची खोली
४ ऑक्टोबर

प्रिय ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी तीन पत्रं आली. तिन्ही वाचली, पहिलं तर दोनदा, आणि उत्तर एकालाही दिलं नाही. हे आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढच्या ओळींना हात मोकळा होईल. रोज ठरवतो, आज लिहायचं. मग पेन सापडत नाही. पेन सापडलं की शाई वाळलेली असते. परवा शाई आणायला म्हणून बाहेर पडलो आणि एका माणसाचं लाकडी कपाट नदीपार पोचवून संध्याकाळी परत आलो. कपाट नावेत आडवं मावेना, म्हणून उभं ठेवलं. वाऱ्यानं त्याचं दार उघडलं की नाव गिरकी घ्यायची. शेवटी मीच कपाटात शिरलो आणि आतून दार धरून बसलो. अर्धी नदी मी कपाटातून ओलांडली. पण हे तुला कशाला सांगतोय?

तर कोर्टाचं. मला समजलं ते असं, चुकलं तर सुधार. बाबांनी मृत्युपत्रात बाइंडिंगचं दुकान आणि वरची खोली तुझ्या नावे केली. दादाला गावाबाहेरची जागा. माझ्याबद्दल एकच वाक्य, की धाकट्याला काही देत नाही, कारण तो ते ठेवणार कुठे. (हे वाचून मी नावेवर एकटाच हसलो. एक बाई जागा बदलून बसली.) दादा म्हणतो मृत्युपत्र खरं नाही, सगळं विका आणि तीन वाटे करा. ते खरं ठरवायला लागतात दोन साक्षीदार. त्यातले शेजारचे घड्याळवाले काका गेल्या वर्षी वारले. उरलो मी.

ताई, मला यायलाच हवं का? कागदावर सही माझीच आहे, ती सगळ्या जगाला ओळखू येते. तेवढं पुरत नाही का? इथे सध्या गर्दीचे दिवस आहेत. तिकिटं फाडायला मी आणि दोर फेकायलाही मीच, त्यामुळे नावाडी सुट्टीचं नाव काढू देत नाही. मी इथूनच काही लिहून पाठवलं तर चालेल का, तेवढं तुझ्या वकीलबाईंना विचार.

दादा काही बोलतो का तुझ्याशी? मला त्याचं पत्र नाही.

कळावे. माझ्यावरचा लोभ उरला असेल तेवढा तरी सांभाळून ठेव.

तुझा,
भिंगरी


दुकान
११ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

आशीर्वाद सवयीनं लिहिले. खरं तर तू समोर असतास तर कान धरला असता. पायाला भिंगरी म्हणून नाव भिंगरी ठेवलं, पण एका जागी बसून एक पत्र लिहिण्याएवढा वेळ भिंगरीही थांबते रे.

सही पुरत नाही. का पुरत नाही ते ऐक, आणि ऐकताना कपाटात जाऊन बसू नकोस.

बाबांचं तुला माहीतच आहे. सुटा कागद म्हणजे हरवलेला कागद. मृत्युपत्राची दोन पानं त्यांनी तशीच ठेवली असती तर आज हा घोळ नसता. पण हाताला चैन कुठली! त्यांनी ती दोऱ्यानं शिवली, निळ्या कापडाचं कव्हर घातलं, आणि कडा छाटल्याशिवाय काम पुरं झालं असं ते आयुष्यात कधी म्हणाले नाहीत, म्हणून मशीनवर ठेवून तीन बाजू छाटल्या. घड्याळवाले काका सही करायचे घड्याळाच्या स्क्रूएवढी, आणि भिडस्त माणूस, म्हणून पानाच्या अगदी खालच्या कडेला. ती गेली. चाळीस वर्षांत गिऱ्हाइकाचं एक अक्षर न कापणाऱ्या माणसानं स्वतःच्या मृत्युपत्रातली सही कापली. आता तिथे एका वेलांटीचं टोक तेवढं दिसतं.

गेल्या तारखेला दादाच्या वकिलांनी भिंग काढून ते टोक न्यायाधीशांना दाखवलं. मग माझ्याकडे वळून गोड आवाजात विचारलं की बाई, तुम्ही या कामात किती वर्षं आहात. मी म्हटलं एकोणीस. मग विचारलं, एखाद्या शिवलेल्या वहीत मागाहून एखादं पान घालायचं तर तुम्हाला किती वेळ लागेल. मी म्हटलं पाच मिनिटं. आणि गोंद न लावता चालणार असेल तर तीन.

आमच्या वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण विचारलं तर काय, अर्धा दिवस लागतो म्हणून सांगू? बाबा तिथे असते तर त्यांनीही पाचच सांगितलं असतं.

आता दादाच्या वकिलांचं म्हणणं असं, की ते पान मीच लिहून मीच शिवलं, आणि काकांची सही नव्हतीच म्हणून कड छाटली. बाबांची तब्येत उतरली तेव्हा मी रात्रंदिवस त्यांच्याजवळ होते, हेही आता माझ्याच विरुद्ध धरतात. दादा समोरच्या बाकावर बसून सगळं ऐकत होता. एकदाही म्हणाला नाही की माझी बहीण असं करणार नाही. दुकानाचं छत त्यानं स्वतः चढून घातलं, तीन महिन्यांचे रविवार घालवले, आणि बाबांनी त्याचा एका शब्दानंही उल्लेख केला नाही, हे त्याच्या मनात आहे. ते मला समजतं. पण म्हणून मला खोटी ठरवायची?

बाहेर पडताना त्यानं एकच विचारलं, भिंगरी येणार आहे का साक्षीला. मी म्हटलं येणार. त्यावर तो चष्मा पुसत राहिला.

तीन नोव्हेंबरला तुझी साक्ष आहे. मृत्युपत्र पडलं तर दुकान विकलं जाईल. घेणारा ठरलाय. त्याला भिंती नकोत, गाड्या उभ्या करायला मोकळी जागा हवी. मशीन भंगारात जाईल. मी एकेचाळीस वर्षांची आहे, भिंगरी. मला हे एकच काम येतं, आणि ते या एकाच टेबलावर येतं.

तुला चार वाक्यं सांगायची आहेत. तू त्या दिवशी दुकानात होतास. बाबांनी तुझ्या आणि काकांच्या समोर सही केली. मग काकांनी केली. मग तू केलीस. एवढंच, आणि मध्ये दुसरं काहीही आणायचं नाही. तुला मृत्युपत्रातून काहीच मिळत नाही, म्हणून तुझ्या शब्दाला वजन आहे, असं वकीलबाई म्हणतात. तुला रिकाम्या हातानं ठेवलं ते बाबांनी बरंच केलं म्हणायचं.

उलट टपाली उत्तर पाठव. रागावले असले तरी माया आटलेली नाही.

तुझी,
ताई


१६ ऑक्टोबर

प्रिय ताईस,
नमस्कार.

तू दिलेली चार वाक्यं मी पाठ केली. तिकिटं फाडत फाडत मनात म्हणत होतो. पहिलं वाक्य नीट येतं. दुसऱ्यापाशी जीभ अडते. आधी वाटलं, माझं पाठांतर शाळेपासून कच्चंच आहे. पण तसं नाही. दुसरं वाक्य खरं नाही.

त्या दिवशी माझी पावणेअकराची बस होती. दादा मला स्टँडवर सोडायला आला होता. स्कूटर दुकानाच्या दाराशी चालूच होती आणि तो हॉर्नवर हॉर्न वाजवत होता. तू कागद आणायला बाजारात गेलेली. बाबांनी टेबलावर ती दोन पानं ठेवली होती, पण त्यांच्या हाताला खळ लागलेली. म्हणाले, थांब, हात पुसतो, घड्याळवालेही येतायत, आधी मी सही करतो, मग तुम्ही दोघं करा. मी म्हटलं, बाबा, बस जाईल, मी आधी करून टाकतो, तुम्ही मागाहून करा, सही ती सही. ते म्हणाले, असं नसतं रे. पण तोवर मी केली होती. पानाच्या मधोमध, माझी नेहमीची, लांब शेपटीची. पिशवी उचलली आणि पळालो. दारातून वळून पाहिलं तेव्हा ते अजून हातच पुसत होते.

बस पाऊण तास उशिरा आली. तेवढ्या वेळात दादा आणि मी स्टँडवरच्या काट्यावर आळीपाळीनं वजन करत होतो, त्याचं दर वेळी वेगळं यायचं.

मी बाबांना पाहिलं ते तेवढंच शेवटचं. पुढे आलो तेव्हा त्यांना जाऊन चार दिवस उलटले होते, ते तुला ठाऊकच आहे.

म्हणजे बाबांनी माझ्यासमोर सही केलेली नाही. काका आले की नाही तेही मी पाहिलेलं नाही. इथे शाळेत एक म्हातारे मास्तर आहेत, त्यांना मी कुणा दुसऱ्याची गोष्ट म्हणून विचारलं. ते म्हणाले, साक्षीदारानं आधी सही केली तर तो साक्षीदार कशाचा, कोऱ्या जागेचा? आणखी एक सांगतो. माझ्या सहीची शेपटी खालपर्यंत उतरलीय. बाबांची सही त्या शेपटीच्या वरून गेलेली असणार. तो भिंगवाला वकील अजून पानाच्या कडेला अडकलाय. मध्यभागी आला तर त्याला माझ्याशिवायच सगळं कळेल.

आता खरी गोम ऐक. मी खरं बोललो तर मृत्युपत्र पडतं, तीन वाटे होतात, आणि एक मला मिळतो. खोटं बोललो तर दुकान तुला राहतं. ज्याला काहीच मिळत नाही म्हणून ज्याच्या शब्दाला वजन, त्याला खरं बोलल्याबरोबर तिसरा हिस्सा! तुला काय वाटेल याचा विचार करकरून मी वाकडा झालोय. बहिणीवर वेळ आली आणि याला नेमकं आताच सत्य आठवलं, वाट्याचा वास आला तसं. म्हणून तीन पत्रांना उत्तर दिलं नाही, ताई. पेन सापडत होतं.

तू सांगशील ते करतो. ते दुसरं वाक्य म्हण म्हणालीस तर न अडखळता म्हणेन.

मनात काय येईल ते लिही, पण लिही.

भिंगरी


दुकान
२१ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र शनिवारी आलं. त्याच दिवशी मी उत्तर लिहिलं, एकाच ओळीचं, की तुझा वाटा तुला लखलाभ. टपालात टाकलं नाही. त्या कागदाला खळ लावली आणि पुठ्ठ्याच्या आत अस्तर म्हणून चिकटवला. कुणा गिऱ्हाइकाच्या हिशेबाच्या वहीत ते आता कायमचं बंद आहे. फाडून टाकण्यापेक्षा ते बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तुला ते वाक्य म्हणच असं लिहायला बसले. अर्धं पान झालं. तेव्हा मला तुझ्या पत्रातली स्कूटर दिसली. वाचताना दिसली नव्हती, लिहिताना दिसली.

भिंगरी, दादा दारात होता.

तू सही करून पळालास, बाबा हात पुसत राहिले, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं. त्याला हे पहिल्या दिवसापासून माहीत आहे. आणि आठ दिवसांपूर्वी त्यांच्या बाजूनं साक्षीदारांची नवी यादी आली, त्यात तुझ्यानंतर लगेच दादाचं स्वतःचं नाव आहे. वकीलबाई म्हणाल्या, तो बाबांच्या हस्ताक्षराबद्दल बोलेल. मीही तेच मानलं होतं. आता वेगळंच दिसतं. तू शपथ घेणार, माझं दुसरं वाक्य म्हणणार, आणि मग तो उठून सांगणार की मी दारात हॉर्न वाजवत होतो. दुकान तर जाईलच, वर खोट्या साक्षीबद्दल तुला आत टाकतील.

दादा असं करेल का? वर्षापूर्वी मला कुणी विचारलं असतं तर त्याला दुकानाबाहेर काढलं असतं. आज मला सांगता येत नाही. त्या दिवशी त्यानं तू येणार का म्हणून विचारलं आणि चष्मा पुसत राहिला, ते सारखं आठवतं. माणूस कधी चष्मा पुसतो, जिंकणार असला की हरणार असला की?

वकीलबाईंना मी आडून विचारलं, की भाऊ सापडलाच नाही तर. म्हणाल्या, हस्ताक्षर तपासणाऱ्यावर भिस्त ठेवून लढू, पण आशा धरू नका. आशा धरत नाही. तरी तू येऊ नकोस. माझं पत्र तुला मिळालंच नाही, तू तिथून आणखी कुठेतरी निघून गेलास. तुझ्या बाबतीत हे कुणालाही पटेल.

खरं सांगायला ये असं लिहायची माझी छाती होत नाही. खोटं सांगायला ये असं आता लिहिणार नाही. मग उरतं ते एवढंच.

दुकानात काम पडलंय आणि मी दिवसभर कोरी पानं दुमडत बसले, कुठल्याच वहीची नसलेली. ढीग झाला तेव्हा लक्षात आलं.

नेहमीसारखं उत्तर टाळ. या वेळी रागावणार नाही.

तुझी,
ताई


२६ ऑक्टोबर

प्रिय ताईस,
सा. न. वि. वि.

टाळ म्हणालीस म्हणून लगेच लिहितोय, हा माझा उलटा स्वभाव.

आधी तुझं ऐकलं होतं. पिशवी भरली आणि पहिल्या नावेनं पलीकडे गेलो. पलीकडून तीन रस्ते फुटतात. एकावर बांधकाम चालू आहे, एक माणूस भिंतीवर अक्षरं रंगवत होता. आधी सगळ्या उभ्या रेघा काढायचा, मग आडव्या, शेवटी गोल. कुठलं अक्षर होणार ते शेवटपर्यंत कळायचं नाही. मी तिथे बराच वेळ उभा राहिलो. मग त्याच नावेनं परत आलो. नावाड्यानं माझ्याकडे दोन्ही वेळचं तिकीट मागितलं. म्हणाला, कामावर नसशील तर तू प्रवासी.

ताई, मी येतोय. तीन तारखेला उभा राहीन आणि झालं तेच सांगेन. बस, खळ, हॉर्न, सगळं. तुझी चार वाक्यं राहू देत, माझं एकच लांबलचक होईल, न्यायाधीशांनी थांबवलं तर थांबेन. दादाला त्यानंतर उठायचं असेल तर उठू दे. तो सांगणार ते माझं आधीच सांगून झालेलं असेल. एक मात्र बजावून सांगणार आहे. ती दोन पानं मी त्या टेबलावर बाबांच्या अक्षरात लिहिलेली पाहिली. मृत्युपत्र टिको न टिको, तू पान घातलंस असं पुन्हा कुणी म्हणायचं नाही.

आता सोबतचा कागद उघड. हक्कसोडपत्र आहे. परवा नोंदणीच्या ऑफिसात जाऊन केलं. माझ्या वाट्याला जे येईल ते सगळं तुझ्या नावे. कारकुनानं विचारलं, कशावरचा हक्क सोडताय ते स्वतः पाहिलंय का. म्हटलं, तिथेच जन्मलो. तो म्हणाला, बहिणीकडे दोन वाटे झाले की तिला डावलून भावाला विकता येणार नाही, विकायची वेळ आलीच तरी घ्यायचा पहिला मान तिचा. हे तो तीन वेळा म्हणाला, कारण मी तीन वेळा विचारलं. तिसऱ्यांदा त्यानं चहाचा कप माझ्यापासून लांब सरकवला. दुकान वाचलं असं मी म्हणत नाही. पण आता गाड्यावाल्याला आधी तुझ्याशी बोलावं लागेल, आणि तू त्याच्याशी कशी बोलशील त्याची मला कल्पना आहे.

साक्षीदार दोन. एक नावाडी, एक खालची सायकलवाली. तिला आधी वाटलं मी लग्न करतोय. दोघांना समोर उभं केलं आणि म्हटलं, माझ्या हाताकडे बघा. नावाड्याचं लक्ष घड्याळाकडे, नाव सुटायची वेळ झालेली. मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, नाव थांबेल. त्यानं बघितलं, मग मी सही केली, मग त्यांनी. सायकलवालीच्या सहीला ग्रीसचा अंगठा लागलाय, तो सहीचा भाग नाही.

कागद सुटाच ठेव. हात कितीही शिवशिवले तरी शिवू नकोस, आणि कडा तर मुळीच

थांब, खालून सायकलवाली हाका मारतेय. पाहुणा आलाय म्हणते, पायरीवर बसलाय, तोंड पांढरंफटक पडलंय.

आत्ता खाली जाऊन आलो. ताई, दादा आहे. ज्याला दोन थांब्यांत बस लागून ओकारी येते तो दोन दिवसांची बस करून आलाय, वहिनीला ऑफिसचं काम सांगून आणि वकिलाला काहीच न सांगता. मी पुढे केलेलं पाणीही घेईना. तीन तारखेला काय सांगणार आहेस, एवढंच विचारलं. मी सांगितलं, हॉर्नसकट. त्यानं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाला, तू ताईसाठी खोटी शपथ घेशील आणि मला सगळ्यांदेखत तुला खोटं पाडावं लागेल, या धास्तीनं पंधरा दिवस झोप नाही. आणि रुमाल तोंडावर धरून खाली वाकला. त्याला बस लागलीय की तो रडतोय, ते इथे खिडकीतून कळत नाही.

पाणी घेऊन परत जातो. बाकी समोरासमोर. कळावे, दादा आलाय.

भिंगरी